मुलांचा ताबा मागताय? या चुका टाळा

ताब्याच्या अर्जात सर्वाधिक जागा खातं ते जोडीदाराचं वागणं. नवरा किंवा बायको म्हणून तो माणूस किती वाईट, यावर पानंच्या पानं. मुलांना सकाळी कोण उठवतं, अभ्यास कोण घेतं, ताप आला की रात्र कोण जागतं, याला मात्र जेमतेम दोन ओळी. न्यायाधीश शोधत असतात त्या ओळी. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं तिसरं कलम मुलाच्या हिताला प्राधान्य देतं आणि बहुतेक देशांतली कौटुंबिक न्यायालयं याच कसोटीवर चालतात. म्हणून आधी मुलाचा दिवस लिहून काढा: शाळा, डॉक्टर, औषधं, मित्र, झोपेची वेळ. लिहिताना अडखळलात, तर उलटतपासणीतही तिथेच अडखळाल.

दुसरी चूक घाईची. ‘आधी घर सोडू, मुलांचं नंतर बघू’ असं म्हणून बाहेर पडलात की महिने जातात, मुलं आहेत तिथे रुळतात आणि रुळलेली घडी मोडायला न्यायालय सहसा तयार नसतं. बाहेर पडून झालं असेल तर अंतरिम ताबा, निदान ठरलेल्या भेटी, यासाठी लगेच अर्ज करा आणि एकही भेट चुकवू नका. घरात मारहाण होत असेल तर हा हिशोब करत बसू नका. मुलांना घेऊन सुरक्षित जागी जा आणि संरक्षणाचा आदेश मागा.

पण धोका नसताना मुलांना गुपचूप उचलून दुसऱ्या देशात नेणं महागात पडतं. १९८०च्या हेग करारानुसार, सोळा वर्षांखालच्या मुलाला असं बेकायदा नेलं आणि वर्षभराच्या आत अर्ज झाला, तर सदस्य देशातलं न्यायालय साधारणपणे मूल परत पाठवायला सांगतं. तिथे ताबा कोणाला, हा प्रश्न चर्चेलाच येत नाही.

आता सगळ्यात जास्त नडणारी गोष्ट: भेटी अडवणं. पोटगी थकली म्हणून रविवारची भेट बंद, असा हिशोब लोक अगदी सहज मांडतात. पोटगीसाठी वसुलीचा वेगळा अर्ज असतो. भेट रोखली की आदेशाचा भंग तुमच्या नावावर लागतो. बालहक्क करारातलं नववं कलम दोन्ही पालकांशी नियमित संपर्क हा मुलाचा हक्क मानतं, अर्थात तो त्याच्या हिताविरुद्ध नसेल तर. माझं मत विचाराल तर अर्जासोबत समोरच्याच्या भेटींचं सढळ वेळापत्रक स्वतःहून जोडा: सुट्ट्या, वाढदिवस, फोनच्या वेळा सगळं. वकिलांना ते कधी कधी पटत नाही, पण ताबा मिळाल्यावर मुलाचं दुसरं नातं कोण टिकवेल, हे न्यायाधीशांना त्यातून दिसतं. भेटीत खरोखर धोका वाटत असेल तर परस्पर बंद करू नका. देखरेखीखाली भेट मागा.

मुलाला पढवणंही लपत नाही. आठ वर्षांचं पोर समुपदेशकासमोर ‘मानसिक छळ’ म्हणालं की शब्द कोणाचे ते कळतंच. मुलाचं म्हणणं वय आणि समज पाहून ऐकलं जातं, तेही बहुधा तुमच्या गैरहजेरीत. भेटीहून आल्यावर ‘तिकडे काय काय झालं?’ ही चौकशी आजच थांबवा.

रागात पाठवलेले मेसेज आणि समाजमाध्यमांवरचे टोमणे पुराव्यात येतात. पाठवून झाले असतील तर वकिलाला दाखवल्याशिवाय पुसू नका. समोरच्याकडे स्क्रीनशॉट असतो आणि पुसणं जास्त संशयास्पद दिसतं. पगार जास्त म्हणून ताबा मिळेल, ही समजूतही सोडा; ती तफावत पोटगीने भरून काढता येते. सगळ्या नातेवाइकांची एकाच मजकुराची प्रतिज्ञापत्रं जोडण्यापेक्षा शिक्षकांची एक नोंद बरी.

अंतरिम आदेश विरोधात गेला तरी भेटींना वेळेवर हजर राहा, तारखांची वही ठेवा, शाळेच्या पालकसभा सोडू नका. परिस्थिती बदलली की ताब्याचा आदेशही बदलून मागता येतो आणि तेव्हा ही वहीच कामी येते.