स्पॅनिश क्रियापदं: जोर नेमका कुठे द्यायचा?
स्पॅनिशमध्ये 'आब्लो' म्हणताना 'आ'वर जोर दिला तर 'मी बोलतो', 'ब्लो'वर दिला तर 'तो बोलला'. दुसऱ्या रूपात शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ असते. रेघ दिसली की जोर तिथेच. रेघ नाही आणि शब्द स्वर, 'एन' किंवा 'एस'ने संपतो, तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा तुकडा). आपली जीभ 'आब्-लो' असं तोडते, पण तिथे 'ब्ल' फुटत नाही: आ-ब्लो.

खरी गफलत होते ती 'काम्बिआर' (बदलणं) आणि 'एन्बिआर' (पाठवणं) यांत. मूळ रूपं सारखीच दिसतात, पण 'मी बदलतो' म्हणजे काम-ब्यो, दोनच अवयव. 'मी पाठवतो' मात्र एन-बी-ओ, तीन, कारण 'ई'वरची रेघ जोडस्वर (एकाच अवयवात म्हटलेले दोन स्वर) फोडते. म्हणून अशी क्रियापदं पाठ करताना 'मी'चं रूपही सोबतच, मोठ्याने म्हणा.