मूल सोल्यूशन किंवा व्हाइटनर हुंगतंय का, हे कसं ओळखावं

दारूचा वास घरच्यांना लगेच कळतो. पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर दप्तरात सापडलं तरी कुणाच्या मनात काही येत नाही.

सुरुवात धुण्यापासून करा. कडक झालेला, रंगाच्या दुकानासारखा वास येणारा रुमाल किंवा शर्टाची बाही ही पहिली खूण. नशा काही मिनिटं, फार तर अर्धा तास टिकते, त्यामुळे घरी आलेलं मूल ठीकच दिसतं. वास मात्र श्वासाला आणि कपड्यांना नंतरही राहतो. मग चेहरा बघा. सर्दीने नाकाखाली लाली येते. हुंगण्याने पिशवी किंवा फडकं टेकतं तिथली, तोंडाभोवतीची कातडी लाल, कोरडी होते, पुरळ येतं. भूक मरणं, डोकेदुखी, रिकाम्या ट्यूबा. एकाच खुणेवरून आरोप करू नका. दोन-तीन खुणा पुन्हा पुन्हा दिसल्या तर शंका धरा.

मेडिकलमधलं लघवी तपासायचं किट आणू नका. थिनर, सोल्यूशनमधलं नशा आणणारं रसायन, म्हणजे टोल्यूइन, नेहमीच्या किटमध्ये सापडतच नाही, आणि 'निगेटिव्ह' बघून घरचे निर्धास्त होतात.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या मूल हुंगताना सापडतं तेव्हा. 'दोन कानाखाली वाजवा' हा सल्ला जिवावर बेतू शकतो. या वाफांमुळे हृदय अ‍ॅड्रेनलिनला, म्हणजे भीतीने किंवा धावपळीने अंगात वाढणाऱ्या संप्रेरकाला, फार संवेदनशील होतं. अशात मूल घाबरलं, पळालं, झटापट झाली, तर ठोक्यांची लय बिघडून जागीच मृत्यू येऊ शकतो. पहिल्यांदाच हुंगणाऱ्यालाही.

म्हणून ओरडू नका, मागे धावू नका. हळू आवाजात बोला, पिशवी हिसकावू नका, ती खाली ठेवायला सांगा. दारं-खिडक्या उघडा. जवळपास गॅस, काडी, उदबत्ती पेटवू नका. वाफा पेट घेतात. मोकळ्या हवेत बसवा आणि पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत सोबत राहा. लिंबू, दूध, ताक काहीही पाजू नका. शुद्ध हरपली तर कुशीवर वळवा, १०८ला फोन करा. श्वास थांबला तर फोनवर सांगतील तसं छाती दाबायला लागा.

'कधीपासून? कुणाबरोबर?' हे सगळं दुसऱ्या दिवशी, एकाच मोठ्या माणसाने विचारावं. सगळ्या घराने घेरून बसू नये.

त्याच आठवड्यात मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. कुठे जायचं कळत नसेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. जाताना सापडलेली ट्यूब किंवा बाटली बंद पिशवीत घालून न्या. काही चिकटद्रव्यांतल्या एन-हेक्झेन नावाच्या रसायनाने हातापायांच्या नसा खराब होतात. मुलाला पायांना मुंग्या येत असतील, जिना चढताना पाय लटपटत असतील, तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा.