झोपण्याचे मोजे वेगळे ठेवा

पावसाळ्यात बेळगाव-गोवा सीमेवरच्या कणकुंबी, चोर्ल्याच्या डोंगरात तीन-चार दिवसांची फेरी मारणार असाल, तर कोरड्या लोकरी मोज्यांची एक जोडी फक्त झोपण्यासाठी राखून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, सॅकच्या तळाशी. सकाळी ती काढायची आणि कालचेच ओले मोजे पिळून पुन्हा चढवायचे. अंगावर काटा येतो खरा, पण थोडं चाललं की पाय गरम होतात.

पहिल्या फेरीत मी हे पाळलं नाही. जांबोटीहून निघताना चार जोड्या होत्या, दुसऱ्या संध्याकाळी चारही ओल्या. तिसऱ्या दिवशी टाचा पांढऱ्याफटक, सुरकुतलेल्या. बोट लावलं की कातडी सरकायची. फेरी अर्धवट सोडून बसने खानापूर गाठलं. फार जिवाला लागलं ते.

म्हणून आता दुपारी भाकरीची शिदोरी सोडली की आधी बूट काढतो. पाय पुसून वाऱ्यावर ठेवतो, रात्री बोटांच्या बेचक्यांत खोबरेल चोळतो.

जळू लागली तर ओढू नका, मीठही टाकू नका. तिच्या बारीक टोकाशी, म्हणजे तोंडाशी, नख घालून आडवी सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं. जखम धुऊन दाबून धरा.

आणि वाट भीमगड अभयारण्यातून जात असेल, तर वनखात्याची परवानगी निघण्याआधीच काढा.