माणिक खाणीतला की कारखान्यातला, कसं ओळखायचं

आजीच्या अंगठीतला माणिक पहिल्यांदा भिंगाखाली धरला तेव्हा आत एकही डाग दिसला नाही. मी तो अस्सल ठरवून मोकळी झाले. पुढे शिकत गेले तशी चूक कळली: खडा जितका निर्मळ, तितका संशय जास्त घ्यायचा. अंगठी जुनी होती, पण व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने ज्योतीत माणिक घडवायची रीत १९०२ सालीच जाहीर केली होती.

आधी नकली आणि कृत्रिम यांत गल्लत करू नका. लाल काच ही नकली. कृत्रिम माणिक मात्र खराच माणिक असतो, तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड आणि तोच क्रोमियमचा रंग. फक्त जमिनीत तयार झालेला नाही.

काच वजनाने पकडता येते. खडा सुटा असेल तर कोरडा तोला, मग दोऱ्याने पाण्यात लोंबकळत तोला. कोरडा २.०० कॅरेट आणि पाण्यात १.५० भरला, तर २.०० ला फरकाने, म्हणजे ०.५० ने, भागा. उत्तर ४ च्या आसपास आलं तर माणिक असू शकतो, स्पिनेल, म्हणजे माणकासारखाच दिसणारा दुसरा लाल खडा, ३.६ च्या जवळ येतं, साधी काच त्याहून खाली. पण कृत्रिम माणिकही ४ च देतो. घासून, ओरखडे काढून बघणं तर सोडूनच द्या, कठीणपणाही दोघांचा सारखाच आणि खडा मात्र खराब होतो.

म्हणून आत बघायचं. दहा पटीचं भिंग डोळ्याला अगदी टेकवा आणि खडा जवळ आणा. पांढऱ्या कागदावर काचेची वाटी ठेवून खडा पाण्यात बुडवला की पैलूंची चमक मरते आणि आतलं दिसू लागतं. सावकाश फिरवत राहा. खाणीतल्या खड्यात रंगाचे पट्टे सरळ असतात, कोनात वळतात. कधी बारीक सुयांचं ‘रेशीम’ ६० अंशांत एकमेकांना छेदतं. ज्योतीतल्या खड्यात रेषा कमानीसारख्या वाकलेल्या असतात, सोबत कधी गोल बुडबुडे. नीलमात हे पट्टे लवकर सापडतात, माणकात फार धीर लागतो. आजीच्या खड्यात मला त्या कमानी तिसऱ्या दिवशी दिसल्या.

रेषा दिसल्या नाहीत म्हणून खडा नैसर्गिक ठरत नाही. फ्लक्समध्ये, म्हणजे वितळलेल्या क्षारांच्या द्रवात, वाढवलेल्या कृत्रिम माणकात विरळ पडद्यासारखे डाग असतात, ते अगदी नैसर्गिक वाटतात. तिथे मी निकाल देत नाही, खडा प्रयोगशाळेत पाठवते.