विंचवाच्या पिल्लांचं खाद्य: मुंबईत हमखास होणाऱ्या या चुका टाळा

पिल्लं खात नाहीत किंवा एकेक करून मरतात, असं झालं की सगळे पिल्लांकडेच बघत बसतात. आधी खाद्याची, म्हणजे फळमाश्या वाढवायची, बरणी तपासा. मुंबईच्या हवेत बिघाड बहुतेक वेळा तिथे असतो.

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असेतो पिल्लांना काहीही द्यायचं नाही. पहिली कात टाकेपर्यंत ती अंगातल्या साठ्यावर जगतात. घाईने आत रातकिडे सोडले तर आई बिथरते, आणि बिथरलेली आई पिल्लंही खाते. कात झाली का, हे अतिनील टॉर्चने कळतं: नवजात पिल्लं चमकत नाहीत, कात टाकून अंग कडक झालं की हिरवट-निळी चमकतात. टॉर्च क्षणभरच मारा.

खाद्याचा आकार शेपटी सोडून उरलेल्या धडाच्या निम्म्याएवढा धरा. इंगळीची पिल्लं जन्मतःच बऱ्यापैकी मोठी असतात, त्यांना फळमाशी पुरत नाही. रातकिड्याची लहान पिल्लं द्या. छोट्या चणीच्या जातींना मात्र फळमाशीच बरी. जिवंत भक्ष्याला घाबरणाऱ्या पिल्लासमोर रातकिड्याची मोडलेली तंगडी किंवा मीलवर्मचा (भुंग्याच्या अळीचा) ताजा तुकडा ठेवा. चिमट्यात धरून ते हळूहळू त्यातला रस शोषतं, शेवटी चोथ्याची बारीक गोळी उरते. ती दिसली की पोटात गेलं समजा. अख्खा मीलवर्म सोडू नका, तो मातीत शिरतो आणि कात टाकणाऱ्या पिल्लाला कुरतडतो.

आता फळमाशी, जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. पंख खुरटलेली, उडू न शकणारी जात 25 अंशांना साधारण 10 दिवसांत अंड्यापासून माशीपर्यंत पोचते. एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर हीटमध्ये बरणी ओट्यावर, फ्रिजच्या मागे ठेवली की दोन गोष्टी होतात. 30 अंशांच्या आसपास नर नापीक होतात, त्यामुळे बरणी अचानक ओस पडते. शिवाय त्या उष्णतेत वाढलेल्या माश्यांचे पंख चांगलेच मोठे येतात. बरणी माठाजवळ, जमिनीलगत ठेवा. घरातला तोच कोपरा गार असतो. तोंडाला दाट विणीचं कापड बांधा. केळ्यांवरची चिलटं आत शिरून संकर झाला तर पुढची पिढी उडणारी निघते, कारण उडण्याचा गुण वरचढ असतो. पावसाळ्यात बुरशी हटत नसेल तर केळं-पोह्याच्या लगद्यात चमचाभर व्हिनेगर घाला. काचेवर पिठासारखी सरकणारी धूळ दिसली तर त्या माइट, म्हणजे बारीक कोळी-किडी आहेत: ती बरणी बाहेर काढा, तिच्यातून नवी लावू नका. मुंग्यांसाठी आपली जुनी युक्ती, पाण्याची थाळी, पुरते. आणि एकाच बरणीवर कधीही विसंबू नका. दर दोन आठवड्यांनी नवी लावत राहा.

रातकिड्यांची पिल्लं वाटीतल्या पाण्यात बुडतात आणि कोरड्यात सुकतात. गाजराचा काप रोज बदलला की दोन्ही टळतं. न खाल्लेला रातकिडा 24 तासांत बाहेर काढा.

एका रात्रीत खाद्य आणि पिल्लं दोन्ही मेली तर औषधाचा संशय घ्या. डासांच्या लिक्विड मशीनमधली आणि पावसाळ्यातल्या धूरफवारणीतली रसायनं कीटकांसाठीच बनलेली असतात, आणि विंचवालाही तीच मारतात. बरण्या असलेल्या खोलीत मशीन नको. फवारणीच्या दिवशी खिडक्या बंद ठेवून दाराच्या फटीला ओला टॉवेल लावा. घरातलं झुरळ, चाळीच्या खांबावरची वाळवी फुकट मिळते म्हणून देऊ नका. पेस्ट कंट्रोलचा जेल खाल्लेलं झुरळ चालतंफिरतंही असतं.

फुगलेलं, निस्तेज, एका जागी बसलेलं पिल्लू उपाशी नसतं, ते कात टाकायच्या बेतात असतं. त्याला टोचून खायला लावू नका, पाणी मात्र असू द्या. कात टाकल्यावर अंग कडक होईपर्यंत काही दिवस थांबा. पिल्लं एकत्र ठेवली असतील तर याच दिवसांत एकमेकांना खातात, म्हणून वेगवेगळ्या डब्या करा.

आणि कोकणात दगडाखाली सापडलेला लाल विंचू हौसेने घरी आणू नका. त्याच्या दंशाने लहान मुलं दगावतात. दंश झालाच तर वेळ न घालवता थेट हॉस्पिटल गाठा.