मॅसॅच्युसेट्समध्ये नवीन आलात? रानटर्कीशी ओळख करून घ्या

वेस्टबरो, श्रूजबरी, ॲक्टन, वेस्टफर्ड या बाजूला घर घेतलंत की वर्षभरात कधीतरी अंगणातून टर्कींची रांग जाताना दिसेलच. कुणाच्या पाळलेल्या नाहीत त्या. रानातल्या आहेत, आणि त्यांना हात लावायचा तर राज्याचे नियम आहेत.

आधी थोडा इतिहास सांगतो, म्हणजे नियम जाचक वाटणार नाहीत. शेतीसाठी झालेली जंगलतोड आणि बेसुमार शिकार यांत इथली शेवटची टर्की १८५१ च्या सुमारास माउंट टॉम या डोंगरावर संपली. पुढे पाळीव वाणाचे पक्षी सोडून पाहिले, पण ते रानात टिकले नाहीत. अखेर १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून पकडून आणलेले ३७ रानपक्षी राज्याच्या पश्चिमेकडच्या बर्कशायरच्या डोंगरांत सोडले, आणि तिथे वाढलेले पक्षी नंतर राज्यभर नेले. आज संख्या ३० हजारांच्या घरात आहे. शिकार १९८० पासून पुन्हा सुरू झाली. वन्यजीवांच्या कामाचा मोठा खर्च शिकारीच्या परवान्यांतून आणि बंदुका-काडतुसांवरच्या १९३७ पासूनच्या केंद्रीय करातून निघतो. आपल्याकडे त्याच १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, त्यामुळे शिकार म्हणजे गुन्हा हे आपल्या मनात पक्कं बसलेलं असतं. तिथे ते योग्यच आहे. पण इथला शेजारी पहाटे कॅमोफ्लाजचे कपडे घालून निघाला तर नाक मुरडू नका. हे पक्षी परत येण्यात त्याच्यासारख्यांच्या पैशाचा वाटा आहे.

टर्की पाहायची तर एप्रिल-मे उत्तम. नर, म्हणजे टॉम, मोरासारखा पिसारा उभारून, पंख जमिनीला घासत, सावकाश गोल फिरतो. तेव्हा जवळून त्याचं डोकं बघा. पिसं नसलेली कातडी बघता बघता लाल, पांढरी, निळी होते, चोचीवरून मांसल सोंड लोंबते आणि छातीतून घोड्याच्या केसांसारखी राठ दाढी बाहेर आलेली असते. मादी लहान, मातकट, अंगावर सहसा दाढी नाही. रात्री हे पक्षी उंच झाडांवर बसतात आणि उजाडताना खाली उतरतात, म्हणून खरी गंमत पहाटेची. ओकच्या झाडाखाली पाचोळा उकरलेला दिसला तर एकॉर्न, म्हणजे ओकची फळं, शोधत थवा येऊन गेला असं समजा. विष्ठेवरूनसुद्धा कळतं: नराची इंग्रजी जे अक्षरासारखी वळलेली, मादीची गुंडाळलेली.

अंगणात आल्या तर एकच गोष्ट कळकळीनं सांगतो. खायला घालू नका. उरलेला भात, पोळीचे तुकडे बाहेर टाकायची सवय आपल्याला कावळे-चिमण्यांमुळे लागलेली असते. इथे त्याने टर्की धीट होतात, मग माणसांनाही आपल्या कळपात धरून दरडावायला लागतात. नर गाडीच्या चकचकीत दारात स्वतःचं प्रतिबिंब बघून चोची मारतो. तिथे जुनी चादर टाका. मुलांना शिकवा की अंगावर आली तर पाठ फिरवून पळायचं नाही. मोठ्यांनी झाडू उगारायचा, मोठ्यानं ओरडायचं, नाहीतर नळीने पाणी मारायचं. ती हटते.

वसंतातला शिकारीचा हंगाम साधारण एप्रिलच्या अखेरीपासून मेअखेरपर्यंत असतो. तेव्हा रानात फिरायला जाताना लाल, पांढरे, निळे कपडे नकोत. नराच्या डोक्याचे रंग तेच. ठळक नारिंगी टोपी घाला. झाडीतून टर्कीचा आवाज आला तर त्या दिशेने दबकत जाऊ नका, कारण तो आवाज झाडाला टेकून बसलेल्या शिकाऱ्याने काढलेला असू शकतो. घरी आल्यावर गोचिडींसाठी अंग नीट तपासा. त्यांच्या चाव्याने पसरणारा लाइम रोग इथे खरंच होतो.

स्वतः शिकार करायची असेल तर सुरुवात राज्याच्या शिकारी प्रशिक्षणाच्या वर्गापासून करा. मग शिकारीचा परवाना आणि टर्कीचा वेगळा परमिट. वसंतात फक्त दाढीवाला पक्षी मारता येतो. राहत्या घरापासून ५०० फूट आणि पक्क्या रस्त्यापासून १५० फूट अंतर लागतं. टर्कीसाठी रायफल चालत नाही, शॉटगन किंवा धनुष्य. तारखा आणि तास दरवर्षी वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

एच-१बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बंदुकीला हात लावण्याआधी वकिलाला विचारा. केंद्रीय कायद्याने अशा व्हिसावर बंदूक बाळगायला मनाई आहे. शिकारीचा परवाना असलेल्यांना त्यात सवलत आहे, पण मॅसॅच्युसेट्सचा बंदूक परवाना हे वेगळं प्रकरण आहे आणि इथले नियम कडक आहेत. एका चुकीने ग्रीन कार्डाचा अर्ज अडकू शकतो. मित्राची बंदूक 'जरा धरून बघतो' हेसुद्धा नको. मला विचाराल तर या काळात धनुष्य शिका, किंवा परवाना असलेल्या ओळखीच्या माणसाबरोबर नुसतं बघायला जा.

मारलेल्या पक्ष्याची नोंद मुदतीत करावी लागते आणि मांस विकता येत नाही. छातीचं मांस कोरडं असतं, ते फार वेळ शिजवू नका. तंगड्यांत हाडासारखे टणक स्नायुबंध असतात; म्हणून तंगड्या कुकरमध्ये भरपूर शिट्ट्या देऊन सोलून घ्या आणि मग भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटणात रस्सा करा.