क्रेडिट कार्डाची दुहेरी पडताळणी वापरताना या चुका टाळा

रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून ऑनलाइन कार्ड व्यवहारांसाठी पडताळणीचा दुसरा टप्पा सक्तीचा केला. तेव्हापासून देशातील संकेतस्थळांवर केवळ कार्ड क्रमांक, मुदतीची तारीख आणि सीव्हीव्ही (कार्डावर छापलेला छोटा सुरक्षा क्रमांक) देऊन सहसा खरेदी पूर्ण होत नाही. मोबाइलवर येणारा ओटीपी किंवा बँकेच्या ॲपमधील मंजुरीही लागते. व्यवस्था भक्कम आहे, पण ती ज्या मोबाइल क्रमांकावर, ज्या ईमेलवर आणि ज्या फोनवर उभी आहे, ते तिन्ही कार्डधारकाच्या स्वतःच्या ताब्यात असतील तरच तिचा उपयोग होतो. गंभीर चुका नेमक्या इथेच होतात.

क्रमांक आणि ईमेल दुसऱ्याच्या हाती

मराठवाड्यात तालुक्याच्या ठिकाणी कोणताही ऑनलाइन अर्ज महा-ई-सेवा केंद्रातून किंवा मल्टिसर्व्हिसेसच्या दुकानातून भरून घेण्याची पद्धत आहे. त्यात गैर काही नाही. मात्र अर्जदाराचा ईमेल नसेल, तर दुकानदार तिथल्या तिथे नवा ईमेल उघडून देतो, त्याचा पासवर्ड दुकानातल्या वहीत किंवा संगणकातच राहतो, आणि अर्जदाराला आपला ईमेल कोणता हेही पुढे आठवत नाही. कार्डाचे मासिक विवरण, पासवर्ड बदलण्याचे दुवे आणि काही बँकांचे ओटीपीसुद्धा त्याच ईमेलवर जातात. दुकानदार प्रामाणिक असला, तरी त्या संगणकावर दिवसभरात अनेकांचे हात पडतात. ही चूक वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून मी तिला सर्वांत धोकादायक मानतो.

उपाय अवघड नाही. बँकेच्या ॲपमध्ये आपल्या माहितीच्या पानावर नोंदवलेला क्रमांक आणि ईमेल आजच तपासावा, आणि परका ईमेल दिसल्यास तो बँकेत कळवून बदलून घ्यावा. नवा ईमेल स्वतःच्या फोनवर उघडावा आणि त्यालाही दुहेरी पडताळणी लावावी. जीमेल अशा वेळी आठ अंकी दहा बॅकअप कोड देते. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवावेत. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवल्यास फोन हरवला की कोडही जातात.

मोंढ्यातल्या आडत दुकानात कार्ड मालकाच्या नावावर आणि त्याला जोडलेला क्रमांक मात्र दुकानाच्या फोनचा, असे सर्रास दिसते. तो फोन मुनीम, हमाल, मुलगा असा सर्वांच्या हातात असतो. कार्डाला जोडलेला क्रमांक वैयक्तिक फोनमध्येच असावा. मुलाला खर्चासाठी कार्ड द्यायचे असेल, तर बँकेकडून त्याच्या नावाचे ॲड-ऑन कार्ड, म्हणजे आपल्याच खात्याला जोडलेले जादा कार्ड, घ्यावे. बऱ्याच बँका त्यावर वेगळी मर्यादा लावू देतात.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लातूर, नांदेड, परभणीहून पुण्याला गेलेली मुले अनेकदा नवे सिम घेतात आणि जुन्याचे रिचार्ज थांबवतात. बंद केलेला क्रमांक ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणून आधी बँकेतील क्रमांक बदलावा आणि मगच जुने सिम सोडावे.

ओटीपीचा संदेश न वाचणे

बहुतेक लोक संदेशातले सहा अंक तेवढे पाहतात. त्याच संदेशात रक्कम आणि व्यापाऱ्याचे नाव सहसा लिहिलेले असते, आणि फसवणूक तिथेच उघडी पडते. “तुमचे रिवॉर्ड पॉइंट आज संपत आहेत”, “कार्डाची मर्यादा वाढवून देतो”, “चुकून लागलेले शुल्क परत करतो” अशी कारणे सांगून कोणी ओटीपी मागत असेल, तर संदेश पूर्ण वाचावा: त्यात हजारो रुपयांच्या खरेदीचा उल्लेख आढळेल. पैसे मिळण्यासाठी ओटीपी कधीही द्यावा लागत नाही. बोलणाऱ्याला आपले नाव आणि कार्डाचे शेवटचे चार अंक ठाऊक असले, म्हणून तो बँकेचा ठरत नाही. फोन ठेवावा आणि कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा.

पडताळणी आणि चोर एकाच फोनमध्ये

व्हॉट्सॲपवर एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल, येते. कधी ती लग्नपत्रिकेच्या नावाने असते, कधी वाहनाच्या ई-चलानाच्या. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीतील एका सरकारी कर्मचाऱ्याने लग्नपत्रिका समजून अशी फाइल उघडली आणि खात्यातून जवळपास दोन लाख रुपये गेले. लग्नसराईत ओळखीच्या क्रमांकावरून आलेली पत्रिका उघडू नये असे आपल्याला वाटतच नाही, आणि पाठवणाऱ्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असू शकतो. असे ॲप एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवते, मग ओटीपी तुम्ही कोणाला सांगितला नाही तरी तो परस्पर पुढे जातो. खरी पत्रिका फोटो, व्हिडिओ किंवा पीडीएफच्या रूपात येते. ‘इन्स्टॉल करा’ असे ती कधीच सांगत नाही.

फाइल उघडली गेली असल्यास ताबडतोब मोबाइल डेटा आणि वाय-फाय बंद करावे, दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करावे, पासवर्ड त्याच दुसऱ्या फोनवरून बदलावेत आणि शेवटी आपला फोन फॅक्टरी रीसेट करावा, म्हणजे त्यातले सर्व पुसून तो नव्यासारखा करावा. नुसते ॲप काढून टाकणे पुरेसे समजू नये.

ओटीपी येतच नसेल तर

आधी रेंज आणि रिचार्ज पाहावे, कारण रिचार्ज संपून काही दिवस लोटले की येणारे एसएमएसही थांबतात. संदेश स्पॅममध्ये गेला आहे का, तेही बघावे. रेंज कमी असलेल्या गावात घाईने ‘पुन्हा पाठवा’ दाबत राहिल्यास तीन-चार ओटीपी एकदम येतात आणि त्यांतला शेवटचाच चालतो. जुने अंक टाकत गेल्यास कार्डाचा ऑनलाइन वापर काही काळ रोखला जाऊ शकतो. ऑथेंटिकेटर ॲपचा (फोनमध्येच पडताळणीचे कोड तयार करणाऱ्या ॲपचा) कोड नाकारला जात असेल, तर फोनची वेळ आपोआप जुळण्यावर ठेवावी. हे कोड सहसा ३० सेकंदांनी बदलतात आणि घड्याळ मागेपुढे असल्यास जुळत नाहीत.

आजूबाजूच्यांच्या फोनला रेंज आहे आणि आपलेच सिम अचानक मृत झाले आहे, असे दिसल्यास मात्र वाट पाहू नये. आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता असते. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला आणि मग मोबाइल कंपनीला कळवावे.

ओटीपीविना पैसे जाणार नाहीत, हा समज

परदेशी संकेतस्थळांवर ओटीपी न मागता कार्डातून रक्कम वळती होऊ शकते. त्यासाठी बँकेच्या ॲपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ हा पर्याय असतो. तो बंद ठेवावा आणि गरजेपुरताच उघडावा.

पैसे गेल्याचे कळताच कार्ड ब्लॉक करून बँकेला कळवावे, सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोन करावा आणि दोन्हीकडचे तक्रार क्रमांक लिहून घ्यावेत. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार, चूक ग्राहकाची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले असतील आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत कळवल्यास पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या कार्डावर हा भार जास्तीत जास्त १०,००० रुपये असतो. ग्राहकाने स्वतःच ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे असते. कळवल्यानंतर होणारे नुकसान मात्र बँकेने सोसायचे असते. त्यामुळे ओटीपी आपणच सांगितला, या संकोचाने तक्रार लांबवू नये.